बंद खात्याची उघडी नोंद

या मालेतल्या मागच्या व्याख्यानात आपण हुंडीबद्दल बोललो. कागदाच्या एका चिटोऱ्यावर पुण्याचा व्यापारी सुरतेला रक्कम कशी उचलायचा, ते पाहिलं. ते सगळं भरवशावर चालायचं. आज त्याची दुसरी बाजू घेऊ. भरवसा तुटला की त्याची नोंद कोण ठेवतं? कुठे ठेवतं? आणि किती दिवस?

विषय निवडायला कारण आहे. बँकिंगच्या इतिहासावर बोलून झालं की श्रोत्यांमधून एक प्रश्न हमखास येतो. "आमचं एक जुनं खातं होतं. त्यात पैसे नव्हते, खातं मायनसमध्ये गेलं, मग बँकेने ते बंद केलं. आता कर्ज मागायला गेलं की ते आडवं येईल का?" प्रश्न व्यवहारातला आहे, पण त्याचं उत्तर इतिहासात शिरल्याशिवाय नीट देता येत नाही. कारण खातं बंद करणं आणि नोंद बंद करणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. ही ताटातूट कशी झाली, तीच आजची गोष्ट.

खत, खतावणी आणि सुपे

सुरुवात आपल्याच मातीतून करू. १२ मे १८७५. पुणे जिल्ह्यातलं, भीमथडी तालुक्यातलं सुपे गाव. बाजाराचा दिवस. आसपासच्या गावांतून जमलेल्या शेतकऱ्यांनी सावकारांच्या घरांवर आणि दुकानांवर हल्ला केला. पुढच्या काही आठवड्यांत पुणे आणि नगर जिल्ह्यांतल्या अनेक गावांमध्ये असंच घडलं. शाळेच्या पुस्तकात आपण हे 'दख्खनचे दंगे' म्हणून वाचलेलं असतं.

आता यातली एक गोष्ट नीट लक्षात घ्या. हल्लेखोरांना मुख्यतः काय हवं होतं? कागद! कर्जरोखे, खतं, वह्या. सरकारने नेमलेल्या चौकशी आयोगानेही हेच नोंदवलं, की जमावाचा हेतू रोखे मिळवून नष्ट करण्याचा होता. जिथे सावकारांनी कागद मुकाट्याने दिले, तिथे अंगावर हात फारसा पडला नाही. शेतकऱ्याला लिहिता-वाचता येत नव्हतं, पण आपलं आयुष्य कुठे अडकलं आहे ते त्याला पक्कं कळलं होतं. ते सावकाराच्या खतावणीत अडकलं होतं.

खतावणी म्हणजे काय, हे नव्या पिढीसाठी सांगायला हवं. रोजच्या व्यवहारांची वही ती कीर्द. कीर्दीतून प्रत्येक माणसाच्या नावाने वेगळं पान पाडून जमा-नावे उतरवायचं, ती खतावणी. प्रत्येक कुळाचं एक पान. त्या पानावरची बाकी म्हणजे त्या माणसाची गावातली पत. आजच्या भाषेत सांगायचं तर तो त्याचा 'क्रेडिट रिपोर्ट'च होता. फरक एवढाच, की तो रिपोर्ट लिहिणारा, वापरणारा आणि वसुली करणारा एकच माणूस होता, आणि ज्याच्याबद्दल तो लिहिलेला होता त्याला तो वाचताच येत नव्हता.

यात आणखी एक गुंता होता आणि तो कायद्याने केलेला होता. १८५९ च्या मुदतीच्या कायद्याने साध्या, नोंदणी न केलेल्या रोख्यावर दावा लावायला तीन वर्षांची मुदत घातली. हेतू चांगला होता. जुनी देणी माणसाच्या मानेवर कायम राहू नयेत, हा. झालं उलटंच. तीन वर्षं संपत आली की सावकार कुळाला बोलवायचा, जुनी मुद्दल आणि चढलेलं व्याज एकत्र करून नवी मुद्दल लिहायचा आणि नव्या खतावर अंगठा घ्यायचा. कागदावर जुनं खातं बंद आणि नवं उघडलं. प्रत्यक्षात बाकी तीच, फक्त फुगलेली. आपल्याकडे धर्मशास्त्रातून आलेला दामदुपटीचा नियम होता, की एका वेळी वसूल करायचं व्याज मुद्दलापेक्षा जास्त होऊ नये. पण व्याजच मुद्दल झालं, की त्या नियमाचं काय करायचं?

या दंग्यांतून १८७९ चा दख्खन शेतकरी सुटका कायदा आला. सुरुवातीला तो पुणे, सातारा, सोलापूर आणि नगर या चार जिल्ह्यांना लागू होता. त्याने न्यायाधीशाला एक नवाच अधिकार दिला: रोख्यावरचा आकडा जसाच्या तसा मानायचा नाही, त्याच्या मागे जायचं, व्यवहार पहिल्यापासून उलगडायचा, मुद्दल वेगळी काढायची, व्याज वेगळं काढायचं आणि मग हिशेब मांडायचा. दुसरी तरतूद आमच्या मते त्याहून दूरदर्शी होती, पण तिच्याबद्दल कमी बोललं जातं. शेतकरी ऋणकोला पैसे भरल्याची लेखी पावती मागण्याचा हक्क मिळाला, दरवर्षी हिशेबाचा उतारा मागण्याचा हक्क मिळाला आणि पासबुक मागण्याचाही हक्क मिळाला. हो, पासबुक! आपण ज्याला बँकेतली वस्तू समजतो, ते आपल्या इलाख्याच्या कायद्यात सावकाराच्या खतावणीवरचा उतारा म्हणून आलं.

कायदा पूर्ण यशस्वी झाला असं आम्ही म्हणणार नाही. सावकारांनी वाटा शोधल्याच. उघड विक्री आणि आत गहाण, असे व्यवहार झाले. पण प्रश्न अचूक पकडला गेला होता. नोंद ठेवणाऱ्याकडे ताकद असते, म्हणून ती नोंद ज्याची आहे त्याला दिसलीच पाहिजे. हे सूत्र हाताशी ठेवा, ते आपल्याला पुढे लागणार आहे.

उणे बाकी येते कुठून?

आता थोडं बाहेर जाऊ. खात्यात पैसे नसताना पैसे काढता येणं, म्हणजे ओव्हरड्राफ्ट, ज्याला सरकारी मराठीत 'अधिकर्ष' म्हणतात, ही कल्पना स्कॉटलंडची. १७२८ मध्ये एडिंबरोच्या रॉयल बँक ऑफ स्कॉटलंडने विल्यम हॉग नावाच्या व्यापाऱ्याला त्याच्या खात्यात असलेल्या रकमेपेक्षा १,००० पौंड जास्त उचलायची मुभा दिली. व्यापाऱ्याची येणी उशिरा येतात, देणी मात्र आज द्यावी लागतात. मधली फट बँकेने भरायची. आपल्याकडच्या दुकानदाराची 'सी.सी. लिमिट' असते ना, कॅश क्रेडिट, ती याच घराण्यातली.

मुळात उणे बाकी ही ओळखीच्या, पतदार माणसाला दिलेली सवलत होती. खातं मायनसमध्ये आहे याचा अर्थ बँकेचा तुमच्यावर विश्वास आहे, असा होता. तोच मायनस नंतर बेभरवशाची खूण कसा झाला? बँकेचं दार सामान्य नोकरदार माणसासाठी उघडलं, तेव्हा. व्यापाऱ्याचा मायनस हा ठरवून घेतलेला असतो. पगारदाराचा मायनस बऱ्याचदा न ठरवता होतो. धनादेश चार दिवस आधी वटतो, पगार चार दिवस उशिरा येतो, किंवा बँकेचा आकार कापला जातो. आकडा दोघांचाही उणेच, पण गोष्ट वेगळी. नोंदवहीत मात्र गोष्ट उतरत नाही, फक्त आकडा उतरतो.

नऊ पौंडांचा खटला

या विषयातला सगळ्यात महत्त्वाचा खटला असाच छोट्या आकड्याचा आहे. १९२४ सालचा, इंग्लंडमधला. टूर्नियर विरुद्ध नॅशनल प्रोव्हिन्शियल अँड युनियन बँक ऑफ इंग्लंड. टूर्नियर हा फिरता विक्रेता. त्याचं खातं साधारण नऊ पौंडांनी उणे झालं होतं. आठवड्याला एक पौंड भरीन असं त्याने लिहून दिलं आणि नव्या नोकरीचा पत्ताही बँकेला दिला. पुढे हप्ते थांबले. बँकेच्या व्यवस्थापकाने त्याच्या घरचा पत्ता मिळवायला मालकाकडे फोन केला. बोलता बोलता खातं उणे आहे हे सांगितलं, हप्ते थकलेत हे सांगितलं, आणि हा माणूस पैजांवर पैसे उडवत असावा असा आपला अंदाजही सांगून टाकला. तीन महिन्यांचा करार संपल्यावर मालकाने टूर्नियरला पुन्हा कामावर घेतलं नाही.

विचार करा. नऊ पौंडांची बाकी, एक फोन आणि माणसाची रोजीरोटी गेली.

टूर्नियर पहिल्या कोर्टात हरला. अपिलात मात्र न्यायाधीशांनी फेरसुनावणीचा आदेश दिला आणि एक तत्त्व घालून दिलं. ग्राहकाची माहिती गुप्त ठेवणं हे बँकेचं केवळ सौजन्य नाही, तो कराराचाच भाग आहे. खातं बंद झालं म्हणून ते बंधन संपत नाही. त्याला अपवाद चारच: कायद्याची सक्ती असेल तर, सार्वजनिक कर्तव्य असेल तर, बँकेच्या स्वतःच्या हितासाठी आवश्यक असेल तर, आणि ग्राहकाची संमती असेल तर. भारतातल्या न्यायालयांनीही हे तत्त्व मानलं. आपल्याकडच्या बँक कर्मचाऱ्यांना प्रशिक्षणात हे चार अपवाद आजही शिकवतात.

मग एक साधा प्रश्न उरतो. बँकेने गुप्तता पाळायची असेल, तर आज आपली थकबाकी दुसऱ्या बँकेला पाच मिनिटांत कशी कळते? त्याचं उत्तर त्याच चार अपवादांमध्ये आहे. पहिला अपवाद कायद्याचा, चौथा संमतीचा. पत नोंदवण्याची सगळी आधुनिक इमारत या दोन खांबांवर उभी आहे.

नोंदीचा धंदा

व्यापाऱ्यांनी एकमेकांना 'या माणसापासून सांभाळा' असं सांगणं जुनंच. लंडनमध्ये १७७६ मध्ये ठकांपासून व्यापाराचं रक्षण करण्यासाठी व्यापाऱ्यांचं एक मंडळच निघालं होतं. पण त्याचा रीतसर धंदा झाला तो अमेरिकेत. १८३७ च्या मंदीत हात पोळलेल्या लुईस टॅपन या न्यूयॉर्कच्या व्यापाऱ्याने १८४१ मध्ये मर्कंटाइल एजन्सी काढली. हा टॅपन गुलामगिरीविरोधी चळवळीतला मोठा कार्यकर्ता. गावोगावचे वकील, दुकानदार त्याला स्थानिक व्यापाऱ्यांबद्दल माहिती कळवायचे, आणि ती मोठमोठ्या वह्यांत उतरवली जायची. हीच एजन्सी पुढे डन अँड ब्रॅडस्ट्रीट झाली. हे नाव लक्षात ठेवा, ते मुंबईत परत भेटणार आहे.

व्यापाऱ्यांच्या पाठोपाठ साध्या ग्राहकांची पाळी आली. १८९९ मध्ये अटलांटा शहरात रिटेल क्रेडिट कंपनी निघाली. तिच्या फायलींमध्ये देण्याघेण्याबरोबर शेजाऱ्यांकडून ऐकलेल्या चहाड्याही असायच्या, कोण किती पितो, कुणाचा संसार कसा चालला आहे वगैरे. या सगळ्यावर अमेरिकन संसदेत चर्चा झडली आणि १९७० मध्ये पतनोंदींचा पहिला राष्ट्रीय कायदा झाला. पाच वर्षांनी रिटेल क्रेडिट कंपनीने नाव बदलून एक्विफॅक्स ठेवलं.

या कायद्यातल्या दोन गोष्टी आपल्या कामाच्या. एक, आपली फाइल बघण्याचा आणि चूक असल्यास हरकत घेण्याचा हक्क. दोन, वाईट नोंदीला वयोमर्यादा. सर्वसाधारण थकबाकीची नोंद सात वर्षांनंतर अहवालात दाखवायची नाही. सात ही कमाल मर्यादा. हा 'कमाल' शब्द मनात ठेवा.

आता आपल्या मूळ प्रश्नाकडे वळू. अमेरिकेत उणे बाकीचं खातं बंद झालं तर काय होतं? तिथे बचत-चालू खात्यांची एक वेगळीच नोंदवही आहे. १९७१ पासून चेक्ससिस्टम्स नावाची संस्था ती चालवते. बँक उणे खात्याची वाट बघते, मग ती रक्कम बुडीत म्हणून लिहून टाकते, खातं बंद करते आणि चेक्ससिस्टम्सला कळवते. २००५ मध्ये तिथल्या नियामकांनी सांगितलं, की खातं पहिल्यांदा उणे झाल्यापासून ६० दिवसांच्या आत अशी रक्कम साधारणपणे निर्लेखित करावी. चेक्ससिस्टम्समधली नोंद पाच वर्षं राहते. ही नोंद कर्जाच्या पतअहवालात आपोआप जात नाही. पण बँकेने ती बाकी वसुली करणाऱ्या कंपनीकडे सोपवली, तर 'वसुलीत गेलेलं देणं' म्हणून ती तिथेही उगवू शकते, आणि मग सात वर्षं.

याचा परिणाम विचित्र झाला. कर्ज न मिळणं समजू शकतं, पण तिथे लोकांना साधं बचत खातंच मिळेना. खातं नाही म्हणजे पगाराचा धनादेश वटवायलाही पैसे मोजायचे. फसवणूक करणारा आणि हिशेब चुकलेला गरीब माणूस एकाच यादीत. न्यूयॉर्क राज्याच्या महाअधिवक्त्यांनी यात लक्ष घातलं आणि २०१४ मध्ये कॅपिटल वन या बँकेशी समझोता केला, की लबाडीचा धोका आणि साधी उणे बाकी यांत फरक करायचा, निव्वळ जुन्या उणे बाकीसाठी दार बंद करायचं नाही. पुढच्या वर्षी आणखी काही मोठ्या बँका त्याच वाटेने गेल्या.

मुंबईची नवी खतावणी

आपल्याकडे हे सगळं उशिरा आलं. १९६९ मध्ये १४ बँकांचं राष्ट्रीयीकरण झालं, शाखा तालुक्यांपर्यंत गेल्या, पण पत ठरवणारा माणूस शाखाधिकारीच राहिला. तो गावात चौकशी करायचा, जामीनदार बघायचा. पतपेढीत तर संचालक मंडळ कर्जदाराला तीन पिढ्यांपासून ओळखायचं. त्यात वशिला होता, जात होती, सगळं होतं. पण खुलाशाला जागाही होती. "साहेब, त्या वर्षी आजारपण काढलं," असं सांगता यायचं.

२००० मध्ये मुंबईत क्रेडिट इन्फर्मेशन ब्युरो, म्हणजे आपलं 'सिबिल', स्थापन झालं. भारतीय स्टेट बँक आणि एचडीएफसी यांच्याबरोबर त्यात परदेशी भागीदार होते ट्रान्सयुनियन आणि डन अँड ब्रॅडस्ट्रीट. टॅपनची वही अशी दीडशेपेक्षा जास्त वर्षांनी मुंबईला पोचली. सुरुवातीला अडचण आली ती टूर्नियरचीच: गुप्ततेचं बंधन असताना माहिती द्यायची कशी? म्हणून कर्जाच्या अर्जांत संमतीचं कलम घातलं गेलं. मग २००५ मध्ये पतविषयक माहिती कंपन्यांचा कायदा झाला आणि माहिती देणं बंधनकारकच ठरलं. चौथ्या अपवादाकडून आपण पहिल्या अपवादाकडे आलो. पुढे एक्सपिरियन, एक्विफॅक्स, हाय मार्क या कंपन्या आल्या. २०१५ मध्ये रिझर्व्ह बँकेने सांगितलं की प्रत्येक वित्तसंस्थेने या सगळ्याच कंपन्यांचं सभासद व्हायचं. ३०० ते ९०० हा आकडा घराघरांत पोचला.

मग आपल्या प्रश्नाचं उत्तर काय?

आता तीन वेगवेगळ्या परिस्थिती बघू. लोक त्या एकत्र करतात आणि मग विनाकारण घाबरतात, किंवा विनाकारण निर्धास्त राहतात.

पहिली. साधं बचत खातं, कसलीही कर्जसोय नाही. ते बंद झालं तर पतअहवालात दिसत नाही, कारण त्या अहवालात कर्जं, क्रेडिट कार्डं, ओव्हरड्राफ्ट यांची नोंद असते, ठेवींची नसते. मग किमान शिल्लक न ठेवल्याच्या दंडाने खातं उणे झालं तर? पूर्वी असं सर्रास व्हायचं. २०१४ मध्ये रिझर्व्ह बँकेने दोन गोष्टी सांगितल्या. निष्क्रिय खात्यात किमान शिल्लक नाही म्हणून दंड लावायचा नाही. आणि चालत्या बचत खात्यातही केवळ या दंडामुळे शिल्लक शून्याखाली जाता कामा नये. हा दुसरा नियम १ एप्रिल २०१५ पासून लागू झाला. म्हणजे तुम्ही न घेतलेलं कर्ज बँकेने स्वतःच्या आकारातून तयार करायचं नाही. १८७९ च्या कायद्याने व्याजाची मुद्दल होण्यावर बोट ठेवलं होतं, त्याच्याच जवळ जाणारा हा नियम आहे.

दुसरी. खात्यावर मंजूर ओव्हरड्राफ्ट आहे. पगार खात्यावरचा असो, मुदत ठेवीवरचा असो, की जनधन खात्यावरचा. जनधन योजना २०१४ मध्ये सुरू झाली तेव्हा ५,००० रुपयांपर्यंत ओव्हरड्राफ्टची सोय होती, २०१८ मध्ये ती १०,००० झाली. हे कर्ज आहे, आणि त्याची नोंद कर्ज म्हणूनच होते. ते सतत ९० दिवस नियमाबाहेर राहिलं की अनुत्पादक ठरतं. बँकेने शेवटी रक्कम निर्लेखित केली, तर अहवालात 'रिटन ऑफ' असं येतं. इथे फार मोठा गैरसमज आहे. निर्लेखन म्हणजे माफी नाही! बँकेने आपल्या ताळेबंदापुरती ती रक्कम बुडीत धरली, एवढाच त्याचा अर्थ. देणं तसंच राहतं. थोडी रक्कम भरून तडजोड केली तर 'सेटल्ड' असा शेरा येतो. घेणाऱ्याला वाटतं मिटलं, वाचणाऱ्या बँकेला दिसतं की पूर्ण भरलं नाही. जुन्या काळी देणं फिटलं की फारखती लिहून घ्यायचे. आज पूर्ण रक्कम भरून 'काही देणे नाही' असा दाखला घेणं आणि अहवालात 'क्लोज्ड' असा शेरा आला का ते बघणं, ही आपली फारखती.

तिसरी परिस्थिती आम्हाला सगळ्यात घातक वाटते, कारण ती कुणाच्या लक्षातच येत नाही. नोकरी बदलली, पगाराचं नवं खातं उघडलं, जुनं रिकामं केलं किंवा बंद केलं. पण कर्जाचा हप्ता जुन्याच खात्यातून कापला जात होता. तो परत गेला. इथे बंद खात्याने काही नोंदवलं नाही, पण त्याच्यामुळे भलत्याच कर्जावर थकलेले दिवस चढले. १ जानेवारी २०२५ पासून ही माहिती दर पंधरवड्याला कळवण्याचा नियम आला, म्हणजे चूक पूर्वीपेक्षा लवकर उमटू लागली. धनादेशाचंही तसंच. १ एप्रिल १९८९ पासून धनादेश न वटणं हा गुन्हा झाला. काही लोकांनी युक्ती काढली: खातंच बंद करू, मग कलमात लिहिलेली 'अपुरी शिल्लक' येतेच कुठे? १९९९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने नेपसी मायकॉन खटल्यात ही पळवाट बंद केली. 'खातं बंद' या शेऱ्याने परत आलेला धनादेशही त्याच कलमात येतो, असा निकाल दिला. खातं बंद करून जबाबदारी बंद होत नाही.

विसरायचं कधी?

शेवटचा मुद्दा, आणि आमच्या मते खरा मुद्दा हाच. अमेरिकेच्या कायद्यात सात वर्षं ही कमाल मर्यादा आहे, असं मघाशी म्हटलं. आपल्याकडेही सात हाच आकडा आहे, पण २००६ च्या विनियमांत तो उलट्या दिशेने येतो. माहिती किमान सात वर्षं जपून ठेवायची, असं तिथे म्हटलं आहे. कमाल आणि किमान, एका शब्दाचा फरक. पण तिथे सात वर्षांनंतर विसरणं सक्तीचं आहे, इथे सात वर्षांपर्यंत लक्षात ठेवणं सक्तीचं आहे. आपल्याकडे साध्या देण्यासाठी दावा लावायची मुदत सर्वसाधारणपणे तीन वर्षं. म्हणजे कोर्टात जायचा हक्क संपल्यावरही नोंद आपलं काम करत राहते.

याने काय बिघडतं, ते केरळ उच्च न्यायालयासमोर २०२३ मध्ये आलेल्या एका प्रकरणात दिसलं. एका विद्यार्थ्याला शैक्षणिक कर्ज नाकारलं गेलं. कारण काय? त्याची दोन जुनी कर्जं: एकावर १६,६६७ रुपये थकलेले, दुसरं बँकेने निर्लेखित केलेलं. न्यायालयाने अंतरिम आदेशात सांगितलं, की विद्यार्थी हे उद्याचा देश घडवणारे आहेत, केवळ सिबिलचा आकडा कमी म्हणून त्यांचं शैक्षणिक कर्ज नाकारू नये. आपल्या राज्यातही पीककर्जासाठी सिबिलचा आग्रह धरू नका, असं सरकारने बँकांना बजावलं आहे. बजावावं लागतं, यातच सगळं आलं. सुप्याच्या शेतकऱ्याच्या पणतूचं पान आज मुंबईतल्या सर्व्हरवर आहे.

दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. नोंद नसती तर? मग पुन्हा ओळख, वशिला, जामीनदार. गावात नव्याने आलेल्या माणसाला, कुणाचं नाव न सांगू शकणाऱ्या बाईला, नोंदीनेच दार उघडून दिलं आहे. वेळेवर हप्ते भरणाऱ्या छोट्या कर्जदाराची चांगली नोंद ही त्याची एकमेव मालमत्ता असू शकते. त्यामुळे खतं जाळणं हा मार्ग १८७५ मध्ये समजण्याजोगा होता, आज तो मार्ग नाही, आणि सर्व्हर जळतही नाहीत. मार्ग १८७९ चा आहे. नोंद बघायची, उलगडायची, दुरुस्त करून घ्यायची.

आणि त्याची हत्यारं आज आहेत. २०१७ पासून प्रत्येक कंपनीकडून वर्षातून एकदा संपूर्ण अहवाल फुकट मिळतो. चूक असेल तर तक्रार करता येते, आणि ती ३० दिवसांत निकाली निघाली नाही तर एप्रिल २०२४ पासून दिवसाला १०० रुपये भरपाई देय आहे. हे आजचं पासबुक. १८७९ मध्येही हक्क कागदावर होता, पण किती कुळांनी सावकाराच्या दारात जाऊन उतारा मागितला असेल? हक्क मागायला आधी तो माहीत असावा लागतो.

एक हक्क मात्र अजून मिळायचा आहे, आणि तो मागितला पाहिजे असं आम्हाला वाटतं. फिटलेल्या, छोट्या, जुन्या बाकीला वयोमर्यादा हवी. १८५९ ची मुदत उलटली, कारण तिच्यासोबत हिशेब उलगडण्याची सोय नव्हती. आज ती सोय आहे. तेव्हा किमान सात ऐवजी कमाल सात म्हणायला हरकत काय, हा प्रश्न आपण विचारायला हवा.

घरी गेल्यावर एवढं करा. जुन्या खात्यांची यादी काढा. कुठून कुठला हप्ता कापला जातो ते बघा. खातं बंद करायचं असेल तर ते शून्यावर आणून, अर्ज देऊन बंद करा आणि त्याचा कागद जपून ठेवा. आणि वर्षातून एकदा आपलं पान वाचा.

पुढच्या व्याख्यानात आपण १९०४ चा सहकारी पतसंस्थांचा कायदा आणि अमर्याद जबाबदारीची कल्पना बघणार आहोत. शेजाऱ्याचं कर्ज आपल्या डोक्यावर घ्यायला गावं तयार का झाली, ते तेव्हा बोलू. आता प्रश्न घेऊ या.